निळा शेवटी

अप्पा, तुम्ही गेल्यावर घरी येणाऱ्या माणसांनी तुमच्याबद्दल खूप चांगलं सांगितलं. साधा माणूस, देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्या फिल्टर प्लांटवरचे तिघं जुने सोबती आले होते, तेही हेच म्हणाले. मी चहा देत होते आणि ऐकत होते. तुम्ही हट्टी होता, हे एकानंही सांगितलं नाही. लहान मुलाच्या हातात दुसरं काही दिलं की ते पहिलं विसरतं. तुमचा हट्ट तसा नव्हता, तो शांत असायचा. आठ दिवस तुम्ही त्या विषयावर अवाक्षर काढायचा नाहीत आणि नवव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवता ठेवता तेच वाक्य पुन्हा यायचं.

"मंग, निळा कधी आनायचा?"

ते वाक्य आपल्या घरात ज्यानं ज्यानं ऐकलं त्याला हसू यायचं. मला यायचं नाही. कारण उत्तर मला द्यावं लागायचं, आणि माझं उत्तरही दर वेळी तेच होतं. "निळा शेवटी, अप्पा."

चौदा वर्षं मी तुमची सून होते. त्यातल्या तेरा वर्षांत आपण एकमेकांशी जेवढं बोललो, त्याहून जास्त या शेवटच्या एका वर्षात बोललो असू. तेही सगळं माशांवरून. कोणता आधी, कोणता नंतर.

सुरुवात तुमच्या डोळ्यांपासून झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मी तुम्हाला घेऊन गेले होते, कारण तुमच्या महेशची अंबडच्या कारखान्यात पहिली शिफ्ट होती. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. जाताना तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. येताना दाराशी पोचलात आणि परत फिरलात. टाकीत एक बोटभर निळा मासा होता. त्याच्याकडे बोट करून मला विचारलंत, "हा काल पन एवढा निळा व्हता का?"

"हो अप्पा. कालही होता."

"मंग मी इतकी वर्षं काय बघत व्हतो?"

मी काहीतरी सांगितलं, की मोतीबिंदूमुळे सगळ्यावर पिवळट झाक येते, निळा रंग मळका दिसतो. तुम्ही ऐकलं असेल असं वाटत नाही. तुम्ही त्या माशासमोर उभे होता. मखमलाबाद नाक्यावर रिक्षातून उतरताना एवढंच म्हणालात, "तसलं आपल्या घरी करता यील का?"

करता येईल का, ते मलाही माहीत नव्हतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासणारी बाई. पण तुमची सगळी नोकरी पाणी शुद्ध करण्यात गेलेली होती, आणि तुम्ही कधी काही मागत नव्हता. या माणसानं पहिल्यांदा काही मागितलंय, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं. मग मी मोबाइलवर वाचत बसले. लॅबमधल्या मुली म्हणायच्या, वैशालीताई, तुम्ही काय मत्स्यशेती सुरू करताय का.

जानेवारीत हॉलमध्ये चार फुटांची टाकी आली. आईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "खारं पानी घरात. फरशीवर पांढरे डाग पडले तर मी पुसनार नाय." तुम्ही गोड पाण्यात मीठ विरघळवलंत, मापाच्या नळीनं खारटपणा बघितलात, सच्छिद्र खडक एकावर एक रचून त्यात कपारी केल्यात. आणि मग सहा आठवडे टाकीत एकही मासा नाही. शेजारच्या वहिनी बघायला यायच्या आणि विचारायच्या, मासे कुठंयत? आई सांगायच्या, "आमच्याकडं दगड पाळलेत."

ते सहा आठवडे मला फार आवडायचे. रोज सकाळी आपण दोघं पाणी तपासायचो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंगाच्या कार्डाशेजारी धरायचं. तुम्ही प्लांटवर क्लोरीन तसंच बघायचा, मी लॅबमध्ये तेच करत आले. नव्या टाकीत आधी विषारी अमोनिया तयार होतो, मग तो पचवणारे जंतू हळूहळू खडकात घर करतात, आणि अमोनिया शून्यावर आला की मगच पहिला मासा. हे मी तुम्हाला समजावायला गेले तर तुम्हीच मला म्हणालात, "कळलं. आमच्या वाळूच्या थरात पन तसंच व्हायचं." नळीतल्या रंगावरून आपली रोज जुंपायची.

"पिवळा हाय. झालं शून्य."

"नाही अप्पा, कडेला हिरवट आहे."

"माझे डोळे नवे हायत. तुझे जुने."

मग मी लॅबला जायला निघायचे आणि तुम्ही ती नळी उजेडात धरून बसलेले असायचा. एवढं मन लावून कुणी माझं म्हणणं खोटं पाडायला बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

खरं भांडण क्रमावरून. सिडकोतल्या रफिकभाईंच्या दुकानात आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनीच काडी टाकली. "अप्पा, पहले डॅमसेल डालो. हा निळा. काही केलं तरी मरत नाय." तुमचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलायला जड गेलं. तरी मी बोलले. निळा दिसायला बोटभर, पण स्वभावानं दांडगा. तो आधी गेला की सगळ्या कपारी त्याच्या, मागून येणाऱ्याला तो टिकू देणार नाही. म्हणून सगळ्यात भित्रा मासा आधी, मग मधले, आणि भांडखोर सगळ्यात शेवटी. शिवाय दोन माशांच्या मधे काही आठवडे सोडायचे, म्हणजे खडकातल्या जंतूंना वाढलेली घाण पचवायला वेळ मिळतो.

घरी येऊन मी तो क्रम कागदावर लिहिला. आधी गोगलगायी. मग फायरफिश, पांढरा-केशरी, पाठीवर लांब तुरा असलेला. मग क्लाउनची जोडी. मग अर्धा जांभळा, अर्धा पिवळा ग्रामा. आणि तळाला निळा. तुम्ही चष्मा न लावता वाचलात आणि म्हणालात, "शेवटी."

"हो."

"वैशाली, मला बहात्तरावं चालूय. शेवटी म्हंजे कधी?"

मी हसले. म्हटलं, "अप्पा, सहा-आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तुम्ही पण हसलात. पण विचारलं होतंत ते खरंच विचारलं होतंत, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं, कारण माझ्याकडे नियम होता आणि नियम बरोबर होता.

फायरफिश आला. तुम्ही त्याला तुरेवाला म्हणायला लागलात. एका कपारीच्या तोंडाशी तो पाण्यात तरंगत राहायचा, तुरा वरखाली हलवत, जरा कुणी खोलीतून गेलं की सर्रकन आत. आईसुद्धा जाता-येता थांबायच्या. "हा बरा हाय, लाजतो," म्हणायच्या. टाकीवर तुम्ही लाकडी चौकट करून बारीक जाळी बसवली होती, कारण फायरफिश घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो. हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं.

मार्चअखेर चांदवडला माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मी चार दिवस माहेरी गेले. परत आले, दारात चपला काढल्या आणि हॉलमध्ये पाहिलं तर टाकीत निळा. तुम्ही खुर्चीत ताठ बसला होता, शाळेतल्या मुलासारखे.

"रफिकभाईकडं शेवटचाच राह्यला व्हता," तुम्ही म्हणालात. दुकानात त्या माशांनी भरलेला अख्खा एक खण आपण दोघांनी पाहिलेला होता.

मी ओरडले असते तर बरं झालं असतं. मी फक्त "ठीक आहे" म्हटलं आणि कपडे बदलायला आत गेले. आतून मला ऐकू आलं, तुम्ही आईंना म्हणालात, "रागावली." आई म्हणाल्या, "मंग? पोरगी महिनाभर कागद घिऊन समजावतीय."

निळा खरंच सुंदर होता, अप्पा. हे मी तेव्हा बोलले नाही. सकाळच्या उन्हात त्याच्यावर रंग नव्हे, दिवा असल्यासारखं वाटायचं. पण दोन दिवसांत त्यानं तुरेवाल्याची कपार घेतली. तुरेवाला हीटरच्या मागे कोपऱ्यात जाऊन राहिला. रोज सकाळी पाणी तपासताना मी तुम्हाला विचारायचे, "बघितलंत?" तुम्ही म्हणायचा, "बघतोय." बस.

आता जे सांगायचं आहे ते तुम्हाला माहीत नाही.

तो गुरुवार होता. तुम्ही आणि आई सकाळी लवकरच मखमलाबादला तुमच्या चुलतभावाकडे गेला होता, तिथे सत्यनारायण होता. मी एकटीनं पाणी तपासायला घेतलं. जाळी काढली, भिंतीला टेकवून ठेवली, नळीत पाणी घेतलं. तेवढ्यात लॅबमधून फोन आला की एक जण रजेवर आहे, अर्धा तास आधी ये. मी नळी धुतली, डबा घेतला आणि निघाले. दुपारी दोनला परत आले. कुलूप उघडलं आणि भिंतीला टेकवलेली जाळी दिसली.

मी आधी जाळी जागेवर ठेवली, अप्पा. मासा नंतर शोधला. हे मला फार दिवस समजत नव्हतं, की मी आधी ते का केलं. तुरेवाला टाकीच्या मागे, वायरींच्या बोर्डाजवळ फरशीवर सापडला. वाळून मिरचीसारखा झाला होता. तुरा फरशीला चिकटला होता.

मी त्याला कागदात गुंडाळलं आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात खाली घातलं. वर भाजीची देठं टाकली. फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली आणि घेऊन गेली.

तुम्ही पाचला आलात. प्रसादाचा द्रोण टेबलावर ठेवला आणि सवयीनं टाकीपाशी गेलात. "तुरेवाला दिसत नाय." मी टॉर्च घेऊन आले. तुमच्या शेजारी गुडघ्यांवर बसून मी कपारीत उजेड मारत राहिले, जणू मलाही माहीत नाही. शेवटी तुम्ही मागे सरकून जमिनीवरच बसलात. "निळ्यानं मारला. मारून खाल्ला असंल," म्हणालात.

त्या वेळी गप्प बसणं एक वेळ समजून घेता आलं असतं. मी गप्पही बसले नाही. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना, अप्पा."

मी हे का केलं, याचा मी खूप विचार केलाय. तुमची भीती वाटत होती म्हणून नाही. तुम्ही मला कधी रागावला नव्हता. बहुतेक म्हणूनच. तुम्ही पाहुण्यांना सांगायचा, "आमची वैशाली लॅबमधी हाय, तिचं चुकत नाय." महेशचा पगार रखडला, आईंच्या गोळ्यांचा घोळ झाला, कुठलंही कागदपत्र भरायचं असलं, की तुमचं ठरलेलं, वैशालीला विचारा. या घरात माझी जागा त्या एका वाक्यावर आहे असं मला वाटायचं. आणि त्या आठवड्यात तर मी बरोबर होते! निळा आधी आणायला नको होता, ते खरंच होतं. त्यानं तुरेवाल्याला पळवलं असेल आणि म्हणून त्यानं उडी मारली असेल, हेही शक्य आहे. पण जाळी असती तर तो जाळीला आपटून परत पाण्यात पडला असता. त्यासाठीच तर तुम्ही ती केली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निळ्याला पकडायला बसलात. जाळं घातलं की तो खडकात घुसायचा, म्हणून तुम्ही सगळे खडक काढायला घेतलेत. बादल्या, टब, आईंचं पापडाचं मोठं पातेलं, सगळं हॉलमध्ये मांडलं. मी लॅबमधून आले तेव्हा तुमचा शर्ट खांद्यापर्यंत ओला होता आणि तुम्ही एका हातानं कंबर धरून दुसऱ्या हातानं खडक उचलत होता. मी म्हटलं, अप्पा, राहू द्या. तुम्ही म्हणालात, "माझ्यामुळं झालं ना, मीच काढनार." संध्याकाळी सापडला तो. पिशवीत घालून तुम्ही रिक्षानं सिडकोला गेलात आणि रिकाम्या हातानं आलात. "दिला," एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही नुसता दहीभात जेवलात.

त्यानंतर नवव्या दिवशीचं ते वाक्य बंद झालं. मी म्हणेन तो क्रम, मी म्हणेन तेवढे आठवडे. "तू सांगशील तसं." मी भांडण जिंकलं होतं. नळीचा रंग पिवळा की हिरवट, यावरही तुम्ही वाद घालेनासे झालात. मला काय हवं होतं ते मिळालं आणि सकाळ अगदी रिकामी झाली.

एप्रिलच्या शेवटी क्लाउनची जोडी आली. मग ऊन वाढलं, पाणी तापायला लागलं, म्हणून पुढचा मासा आपण पावसाळ्यावर ढकलला. मे महिन्यात एकदा कोपऱ्यावरचा ट्रान्स्फॉर्मर जळाला आणि सकाळपासून वीज गेली. पंप बंद. पाणी हललं नाही तर माशांना हवा मिळत नाही. माझी सुट्टी होती. आपण दोघं टाकीच्या दोन बाजूंना स्टुलावर बसलो आणि तांब्यानं पाणी उचलून वरून परत टाकीत सोडत राहिलो. तास-तासाची पाळी. आईंनी पन्हं आणून दिलं, एका हातानं प्यायलो.

त्या दुपारी तुम्ही मला नोकरीतली गोष्ट सांगितलीत. तुम्ही नवीन लागला होता, एका पहाटे झडप बंद करायची विसरलात आणि टाकी भरून पाणी वाहून गेलं, रस्त्यावर ओढा झाला. कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या पाळीतल्या माणसावर ढकलता आलं असतं. तुम्ही साहेबांकडे गेलात आणि सांगितलंत. साहेब म्हणाले, वहीत लिहा. तुम्ही लिहिलंत, सही केलीत.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हनार? दोन दिवस बोलले. पन लिहून टाकलं ना, डोक्यातून गेलं."

माझ्या हातात तांब्या होता. पाणी वरून खाली पडत होतं. तुम्ही मला काही सुचवत नव्हता, तुम्ही नुसती वेळ घालवायला गोष्ट सांगत होता, याची मला खात्री आहे. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "अप्पा, आता माझी पाळी, तुम्ही जरा पाठ टेका." संध्याकाळी सहाला वीज आली. क्लाउन दोघंही जगले. तुम्ही माझ्या डोक्यावर ओला हात ठेवलात. लग्नात नमस्कार केला होता तेव्हाच्या नंतर पहिल्यांदा.

आणि जुलैमध्ये तुम्ही अचानक आजारी पडलात आणि तो दवाखाना. तुम्ही तिथे दोन दिवस होता. आत एका वेळी एकालाच सोडायचे, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा नंबर आला. तुमच्या नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. तुम्ही आधी विचारलंत, "पानी भरलं का?" रोज वाफ होऊन कमी होणारं पाणी टाकीत भरायचं तुमचं काम होतं. मी म्हटलं, भरलं. ग्रामाचं काय, विचारलंत. म्हटलं, तुम्ही घरी आलात की आणू. आणि त्याच्यानंतर लगेच निळा, मी म्हटलं. मी स्वतःहून म्हटलं, अप्पा. मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं.

तुम्ही मान हलवलीत. "निळा नको आता. माझ्या हातून एक जीव गेला ना त्या पायी."

तेव्हा माझ्याकडे दोन मिनिटं होती. पुरेशी होती. जाळी मी उघडी ठेवली होती, एवढं वाक्य. मी तुमचा हात धरला. म्हटलं, "असा विचार करू नका." हे वाक्य कुणीही म्हणू शकलं असतं. नर्स आली, म्हणाली, ताई, वेळ झाली. मी बाहेर आले, महेश आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर नातेवाइकांनी टाकीचा विषय काढला. अप्पांची हौस होती, आता कोण बघणार, देऊन टाका. महेश म्हणाला, तुझं तू ठरव. मी काही ठरवलं नाही, रोज पाणी भरत राहिले. रफिकभाई भेटायला आले, दारातच उभे राहिले, मी आत बोलावलं तेव्हा टाकीकडे पाहून डोळे पुसले. त्यांनी मला जे सांगितलं ते आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही मीठ आणायच्या निमित्तानं दुकानात जायचा आणि परत दिलेल्या त्या निळ्यासमोर उभे राहायचा. एके दिवशी तो विकला गेला. "अप्पा बोले, चांगल्या घरी गेला का? मी बोललो, हां अप्पा, बडी टाकी आहे, अकेला आहे, कुणाला त्रास नाय. तब जाके मग मीठ घेतलं त्यांनी."

श्रावणात मी ग्रामा आणला. मग थांबले. मोजून सहा आठवडे थांबले, अप्पा, आणि त्या सहा आठवड्यांत मला तुमचा प्रश्न रोज ऐकू यायचा. शेवटी म्हणजे कधी? आता घाई करणारं कुणी नव्हतं. क्रम बरोबर होता, मी आजही तोच क्रम लावीन. आणि तुम्हीही बरोबर होता. बहात्तराव्या वर्षी माणसानं शेवटी म्हणजे कधी हे विचारलं तर त्याला उत्तर द्यायला हवं होतं. एक लहान टाकी वेगळी करून त्यात एकटा निळा ठेवता आला असता. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण मी फक्त क्रमाचा विचार करत होते.

दसरा झाला आणि मी निळा आणला. रविवारी दुपारी. पिशवीतल्या माशाला टाकीच्या पाण्याची सवय करायला तासभर लागतो. मी त्याला एका भांड्यात सोडलं, बारीक नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात सुरू केलं आणि शेजारी बसले. तुम्ही होता तेव्हा हे काम तुम्ही करायचा. थोड्या वेळानं आई मेथीची जुडी घेऊन आल्या आणि स्टुलावर बसून निवडायला लागल्या. टाकीसमोर असं बसलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"हाच व्हय तो?" त्यांनी विचारलं.

"तो नाही आई. तसलाच दुसरा."

"याच्यापायी माझं पापडाचं पातेलं खारं झालं." मग भांड्यात डोकावून म्हणाल्या, "यानंच खाल्ला व्हता ना तो तुरेवाला? आता या बाकीच्यांना ऱ्हाऊ दील का?"

"आई, त्यानं नव्हता खाल्ला," मी म्हटलं.

आणि मग मी सगळं सांगितलं. फोन, जाळी, बोर्डाजवळची फरशी, भाजीची देठं. टॉर्च घेऊन शोधायचं नाटक केलं तेही. तुम्ही दवाखान्यात काय म्हणालात आणि मी काय म्हटलं नाही, तेही. थेंब पडत होते. आईंचे हात थांबले होते. एक देठ त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं.

"त्यांना नाय सांगितलंस."

"नाही."

"दवाखान्यात बी नाय."

"नाही आई."

मला वाटलं त्या उठून जातील. तेवढा त्यांचा अधिकार होता. मग त्यांनी ते देठ मोडलं आणि पानं परातीत टाकली.

"काय झालं असतं सांगू का?" त्या म्हणाल्या. "'बरं' म्हनले असते. एवढंच. आन दुसऱ्या दिवसापून तुझ्या मागनं उठून जाळी बघत फिरले असते. लागली का नाय, लागली का नाय. तुला कळू बी दिलं नसतं."

मी रडले, अप्पा. तुम्ही गेल्यावर मी रडले नव्हते, सगळ्यांना चहा देत होते. आईंनी मला जवळ घेतलं नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवली. मी निवडायला लागले.

अप्पा, जाळी मी उघडी ठेवली होती. तुमच्या हातून काही गेलं नव्हतं. माझं चुकलं.